एका लेकरासाठी शाळा परवडते का?



दिवाळी सरली की आपल्या तालुक्यातले पाडे कसे ओस पडतात, हे आम्ही तुम्हांला सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचीच ही गोष्ट आहे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मग एके दिवशी ट्रक येतो. पिंपळनेरच्या वरच्या अंगाची, कुडाशी-दहिवेलकडची कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन त्यात चढतात आणि कोंडाईबारीचा घाट उतरून गाडी व्यारा, बारडोलीच्या वाटेला लागते. परत यायचे ते आखाजीच्या सुमारास. मधले पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या पडावावर काढायचे. ज्या घरात आजी-आजोबा धडधाकट आहेत तिथली लेकरे मागे राहतात. बाकीची आईबापांबरोबर जातात आणि त्यात दहा-बारा वर्षांची पोर असेल तर पडावावर धाकट्या भावंडांना सांभाळणे हीच तिची शाळा होते.

गावात मागे उरते ती जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. पटावर अठरा नावे, वर्गात सात मुले. अशा शाळेविषयी आपल्या राज्यात गेली काही वर्षे एक प्रश्न विचारला जात आहे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात असल्याचे सांगण्यात आले. त्यासाठी नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ यांची नावे पुढे करण्यात आली. पुष्कळ ओरड झाली. शाळा बंद करणार नाही, असे मंत्र्यांना सांगावे लागले. ओरड थांबली, प्रश्न मात्र उरला आहे. सात लेकरांसाठी एक शाळा, दोन शिक्षकांचे पगार, इमारत, पोषण आहार हे समाजाला परवडते का? आणि परवडत नसले तरीही ते करावे, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

उत्तर सोपे आहे असे आम्हांला वाटत नाही. चांगला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात गेला हे सांगून प्रवचन तेवढ्यावर संपवता येईल. परंतु समूह शाळेच्या बाजूने बोलणारे सगळेच काही निर्दय नसतात. त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. सात मुले चार इयत्तांत विभागलेली, शिक्षक एक रजेवर, दुसरा जनगणना नाही तर निवडणुकीच्या कामावर. दुसरीतल्या मुलीला स्वतःच्या वयाची एकही मैत्रीण वर्गात नाही. ना खेळायला संघ, ना वाचनालय, ना प्रयोगाचे साहित्य. अशी शाळा केवळ 'आहे' म्हणून चालू ठेवणे म्हणजे त्या मुलांना शिक्षण देणे नव्हे, शिक्षण दिल्याची नोंद करणे होय. मोठ्या शाळेत दहा शिक्षक, मैदान, संगणक मिळणार असेल तर त्यातच मुलांचे हित नाही काय, असा हा युक्तिवाद आहे. तो आम्हांला पोकळ वाटत नाही.

मग अडचण कुठे आहे? या काटकसरीची किंमत कोण मोजणार, हे या हिशेबात लिहिलेले नसते. शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतर ठरले, ते काही उगीच नव्हे. सहा वर्षांचे लेकरू एवढेच चालू शकते. शाळा पाच किलोमीटर दूर गेली तर साक्री शहरातल्या मुलाला त्याची झळ लागत नाही. ती लागते डोंगरातल्या पाड्यावरच्या पोरीला. गाडीची सोय करू, असे कागदावर लिहिता येते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला म्हणजे तो कागद त्या नाल्यावर पूल होत नाही. आणि पोरीला एकटीला एवढे लांब पाठवायला आई धजावत नाही, म्हणून चौथीनंतर तिचे नाव पटावरून जाते. शासनाचे पैसे वाचले खरे, ते त्या पोरीच्या खात्यातून वाचले.

निवासी शाळा हा दुसरा मार्ग. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या पाचशेच्या आसपास शासकीय आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत. आपल्या तालुक्यातली किती तरी मुले त्यांतच शिकली, आज शिक्षक, परिचारिका, तलाठी झाली, हे आपण कृतज्ञतेने मान्य करू. परंतु सहा वर्षांच्या लेकराला आईपासून दूर ठेवणे ही गोष्ट श्रीमंत घर आपखुशीने निवडते, तर गरीब घराला निवडीवाचून स्वीकारावी लागते. दोन्हींना 'निवासी शिक्षण' हे एकच नाव असले तरी नैतिकदृष्ट्या त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अॅरिस्टॉटलचे एक उदाहरण देत असत. बासऱ्या थोड्या आहेत आणि मागणारे पुष्कळ आहेत. चांगली बासरी कोणाला द्यावी? कुलीन माणसाला? देखण्याला? श्रीमंताला? अॅरिस्टॉटल म्हणतो, जो सर्वांत चांगली वाजवतो त्याला. कारण बासरी वाजवण्यासाठीच असते. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते, आणि आपली गुणवत्ता यादी, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा सगळी याच तत्त्वावर उभी आहे. परंतु ज्याच्या हाती आजवर बासरी दिलीच गेली नाही तो ती चांगली वाजवतो की नाही हे ठरवायचे कोणी आणि कसे? पडावावर भावंडांना सांभाळणाऱ्या पोरीची बुद्धी मोजायचे मापच आपल्यापाशी नाही. प्राथमिक शिक्षण हे स्पर्धेचे बक्षीस नव्हे. स्पर्धेत उभे राहण्याआधी जे हाती असावे लागते ते हे आहे. म्हणून ते वाटताना गुणवत्तेचे तत्त्व लावता येत नाही, गरजेचेच लावावे लागते. जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताने १९७१ साली आपल्या ग्रंथात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने मांडली. समाजात विषमता असलीच तर तिचा लाभ सर्वांत तळाच्या माणसाला व्हावा, एरवी ती न्याय्य ठरत नाही.

आपल्या मातीत हा विचार रॉल्सच्या कितीतरी आधी मांडला गेला. ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल बव्हंशी कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितले. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही त्या काळच्या सरकारची समजूत त्यांना मान्य नव्हती. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खेड्यातल्या शिक्षकांना पुरेसा पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने धर्मादाय मागितला नाही, हिशेब मागितला, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. देशाला मात्र त्यासाठी २००२ ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा येईपर्यंत थांबावे लागले. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

या मधल्या काळात कल्याणाच्या नावाने काय काय दिले गेले, त्याचे एकच उदाहरण सांगतो. १९९२ साली आपल्या राज्यात अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या गरीब घरांतील, पहिली ते चौथीत शिकणाऱ्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. शाळेचे दिवस दोनशेवीस, म्हणून वर्षाला फार तर दोनशेवीस रुपये. त्या वेळी त्या रुपयाला काही किंमत होती. पोर शेतावर न जाता शाळेत आली तर घराला थोडी भरपाई व्हावी हा हेतूही चांगला होता. पुढे जवळजवळ तीन दशके तो रुपया रुपयाच राहिला. आमदारांचे भत्ते या काळात किती वेळा वाढले हे आम्ही मोजलेले नाही, तुम्हीच मोजा. एखादी मदत बंद करायची हिंमत नसते आणि वाढवायची इच्छा नसते, तेव्हा ती अशी हळूहळू वाळत जाते, आणि तरीही अहवालात ती 'योजना' म्हणून मिरवते.

पैसा किती, याबरोबर तो कसा दिला जातो हाही नीतीचाच प्रश्न आहे. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात टाकण्याचे धोरण आले, तेव्हा जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे हातात मिळत असताना तक्रार कसली, असे शहरातल्या पुष्कळांना वाटले. परंतु त्यांच्या म्हणण्यात अर्थ होता. पैसे वेळेवर येत नाहीत, आणि घरी अडचण असली की मुलगा स्वतः अर्धपोटी राहून ते गावी पाठवतो. ताटातली भाकरी गावी पाठवता येत नाही, म्हणून ती त्याच्याच पोटात जाते. उलट बाजूही आहे. खानावळीत मक्तेदार काय शिजवतो हे ज्याने खाल्ले आहे त्याला रोख रक्कम बरी वाटणे स्वाभाविक आहे. कोणती पद्धत बरी याचे सरसकट उत्तर मुंबईहून देता येत नाही. जेवणाऱ्याला विचारावे लागते, आणि त्याला विचारले गेले नाही हे त्या पदयात्रेचे मूळ दुखणे होते असे आम्हांला वाटते.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या निदान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला, आणि ते योग्यच झाले. एकाच गल्लीतल्या मुलांनी वेगवेगळ्या बाकांवर बसून एकमेकांना न ओळखताच मोठे व्हावे, हा काही शिक्षणाचा हेतू असू शकत नाही. अर्थात आपल्या पाड्यावर खाजगी शाळाच नाही, तर पंचवीस टक्के कशाचे, हा प्रश्न राहतोच. हे कलम शहराच्या उपयोगाचे आहे. डोंगरातल्या लेकराचे भवितव्य शेवटी जिल्हा परिषदेच्या त्या दोन खोल्यांशीच बांधलेले आहे.

परंतु अल्पसंख्याकांच्या शाळा या कलमाच्या बाहेर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि मे २०१४ मध्ये सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे जावे असे म्हटले आहे. न्यायालय काय करायचे ते करील. घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो सहजासहजी सोडू नये, असेच आमचे मत आहे. पण कायद्याने सूट दिली म्हणजे सदसद्विवेकबुद्धीने सूट दिली असे होत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली एक अहवाल काढला. त्यानुसार देशातल्या अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतली मुले केवळ ८.७६ टक्के होती, आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी जवळजवळ बहात्तर टक्के शाळा ख्रिस्ती समाजाच्या होत्या. आयोगाचा हेतू काय होता, आकडे कसे गोळा केले, यावर वाद घालता येईल. खेड्यापाड्यांतल्या मिशन शाळा आणि बोर्डिंगांनी केलेले काम त्या आकड्यात दिसत नाही, असेही म्हणता येईल, आणि ते काम आपण जवळून पाहिले आहे. परंतु मोठ्या शहरांतल्या आपल्या नामांकित शाळांच्या फाटकाशी उभे राहून पाहिले तर तो आकडा सर्वस्वी खोटा आहे असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या आपल्या घोषणापत्रात, प्रत्येक माणसाला शिक्षणाचा हक्क आहे असे म्हटले आणि गरिबांची, कुटुंबाचा आधार नसलेल्यांची विशेष काळजी घेण्यास आपल्या शाळांना सांगितले. त्या पत्रात अल्पसंख्याक म्हणून सूट नाही.

ख्रिस्तसभेतल्या आद्य धर्मपित्यांची शिकवण अशी की, गरिबाला आपण देतो ते आपले नसतेच, त्याचेच त्याला परत केलेले असते. या दृष्टीने पाहिले तर 'दान' हा शब्द शिक्षणाच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. उसाची साखर आपल्या चहात आहे. तो ऊस तोडताना ज्या पोरीचे वर्ष बुडाले, तिचे आपण सर्वजण देणे लागतो. देणेकऱ्याने उपकाराची भाषा बोलू नये. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातल्या धन्याने अखेरच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. लोक त्याला उदारपणा म्हणतात. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती माणसे आळसाने उशिरा आली नव्हती, त्यांना कोणी कामाला लावलेच नव्हते. आणि संध्याकाळची भूक त्यांनाही इतरांएवढीच होती.

हे सारे लिहिण्याचे कारण आता सांगतो. आपल्या धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीत यंदा जी रक्कम आहे ती सगळ्यांना पुरणारी नाही. अर्ज दोन प्रकारचे आहेत. काही अर्ज दहावी-बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांचे आहेत. त्यांना नर्सिंगला, अभियांत्रिकीला, डी.एड.ला जायचे आहे. दुसरे अर्ज म्हणजे खरे तर अर्जच नाहीत. ज्या घरांतले आईबाप गुजरातेत निघाले आहेत त्या घरांतल्या आज्या मिस्सानंतर थांबून आमच्याशी बोलल्या. नातवंडांना ठेवून घ्यायला त्या तयार आहेत, पण पाच महिने दोन-तीन तोंडांना घालायचे काय? पंचांपैकी पुष्कळांचे मत पहिल्यांच्या बाजूने आहे. हुशार पोराला मदत केली तर ते नाव काढील, उद्या चार जणांना हात देईल, हा त्यांचा विचार वाईट नाही.

आमचे मत मात्र दुसऱ्या बाजूचे आहे. दहावी पार केलेल्या मुलाला दारे पुष्कळ आहेत, ती ठोठवायला कोणी तरी बरोबर हवे असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे आणि तिथे जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला भोजन-निवासाचा खर्च देणारी स्वयम् योजना २०१६ पासून आहे. त्याला आपल्या निधीपेक्षा जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळण्याची गरज अधिक आहे. ते काम आपली तरुण मंडळी करू शकतात. तिसरीतल्या पोरीला मात्र असे दुसरे दारच नाही. ती ट्रकमध्ये चढली की तिचे वर्ष गेले, दोन वर्षे गेली की शाळा गेली. आजीच्या घरी पोहोचवलेले दीड-दोन क्विंटल धान्य, तेल आणि मीठमिरची ही तिची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी कोणी पेपरात फोटो छापणार नाही. आणि ती मागे राहिली म्हणजे त्या दोन खोल्यांच्या शाळेचा पटही तेवढा टिकतो, ही जाता जाता होणारी गोष्ट आहे. या निर्णयाने एखादा गुणी मुलगा नाराज होईल, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याच्या घरी आम्ही स्वतः जाऊन बोलू.

हा निर्णय आम्ही एकटे घेणार नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात बैठक आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी अवश्य यावे आणि स्पष्ट बोलावे. ज्यांची मुले पुढील शिक्षणाला जाणार आहेत त्यांनी टी.सी., गुणपत्रक, रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या प्रती आणाव्यात. आपले दोन शिक्षक बंधू संगणक घेऊन बसतील व ऑनलाइन अर्ज तिथेच भरून देतील. आणि ज्या कुटुंबांचा ट्रक त्याआधीच येणार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी लेकरांची नावे व इयत्ता आमच्याकडे किंवा सिस्टरांकडे सांगून जावे. आजीला चालवत नसेल तर निरोप पाठवा, आम्ही पाड्यावर येऊ.